बाग कुणाची, तलाव कुणाचा?

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज बोलायला उभं राहिलो ते आम्ही वक्ते आहोत म्हणून नव्हे. आम्ही बँकेच्या खिडकीमागे बसणारी माणसं. दिवसभर जमा-नावे जुळवायची आणि संध्याकाळी गुपचूप घरी यायचं, एवढंच आम्हाला जमतं. पण बागेतल्या तलावाबद्दल घरोघर जाऊन मतं विचारायचं काम कार्यकारिणीने आम्हा तिघांवर सोपवलं, आणि उरलेल्या दोघांनी बोलायला आम्हाला पुढे ढकललं. तेव्हा आमच्या तोंडी 'आम्ही' येईल तिथे आम्ही तिघे, असं समजावं.

विषय सर्वांना ठाऊक आहे. आपल्या वॉर्डातल्या बागेत महापालिकेने स्विमिंग पूल बांधावा, असा प्रस्ताव पुढे आला आणि सोसायटी-सोसायटीत दोन तट पडले. सकाळी फिरायला जाणारी वडीलधारी मंडळी विरोधात, शाळकरी मुलांचे आईवडील बाजूने. गणपतीत वर्षानुवर्षं एकत्र आरती म्हणणारी माणसं आता बागेत एकमेकांना पाहून बाक बदलतात. आमच्याच घरात वडील एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला, मग बाहेरच्यांना काय सांगणार?

आधी तलाव हवा म्हणणाऱ्यांचं ऐकू. आपले आजोबा पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकले. आता त्या विहिरी बुजल्या किंवा त्यांवर जाळ्या बसल्या. नदीचं म्हणाल, तर आपली विश्वामित्री मगरींची. २०२५ च्या गणतीत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. त्या नदीत पोरांना कोण उतरवणार? सरदारबाग आणि लालबाग इथे महापालिकेचे तलाव आहेत, पण आपल्या भागातून नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने तिथे पाठवता येत नाही. आपल्या देशात दर वर्षी तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात. पोहणं हा श्रीमंतांचा शौक नाही, जीव वाचवायची विद्या आहे. हे म्हणणं खोटं नाही.

आता नको म्हणणाऱ्यांचं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये तर पाणी घराघरात शिरलं आणि मगरी रस्त्यावर आल्या. अशा शहरात उघडी माती ही चैन नव्हे. पाणी जिरायला तेवढीच जागा उरली आहे. तिथे फरशी घातली तर ते पाणी आपल्याच ओट्यावर येईल. शिवाय साठीनंतर माणसाला जायला जागा किती? देऊळ, दवाखाना आणि बाग. त्यातली बाग गेली तर काय उरलं? हेही खोटं नाही.

मग आम्ही आमच्या सवयीप्रमाणे कागद-पेन्सिल घेतली. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल असा तलाव धरला, तर त्यात ४,३७,५०० लिटर पाणी मावतं. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे सरकारी प्रमाण. म्हणजे एकदा तलाव भरायला सव्वातीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी लागेल. आकडा मोठा वाटतो, आणि विरोधाच्या पत्रकात तोच छापला आहे. पण पुढचा हिशोबही सांगायला हवा. गाळणयंत्र नीट चाललं तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं. उन्हाळ्यात वाफ होऊन दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर साधारण दोन हजार लिटर झाले, पंधरा माणसांचं पाणी. गाळणी धुवायला लागेल ते वेगळं. तेव्हा पाण्याचा मुद्दा सांगितला जातो तेवढा मोठा नाही.

जागेचा मुद्दा मात्र उलटा आहे. समर्थक म्हणतात, तलाव सव्वातीनशे चौरस मीटरसुद्धा नाही, बागेचा एक कोपरा जाईल. पण भोवतीची फरशी, कपडे बदलण्याच्या खोल्या, शॉवर, पंपाची खोली, तिकीटखिडकी आणि स्कूटर लावायची सोय धरली की जागा दुप्पट-तिप्पट होते. मग तो कोपरा राहत नाही.

आणखी एक गोष्ट कॉमर्सवाल्यांनाच सुचते. तलाव बांधणं हा भांडवली खर्च, चालवणं हा महसुली. बांधायला अनुदान मिळतं, नारळ फुटतो, कोनशिला बसते. चालवायला क्लोरीन, वीज, दुरुस्ती आणि दोन्ही पाळ्यांत जीवरक्षक लागतात. त्याचा नारळ कुणी फोडत नाही. मग हळूच ठेकेदार येतो. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीला आलेली होडी उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. तो तलावही ठेक्यानेच चालवायला दिलेला होता. बडोद्यात राहून पाण्याच्या ठेक्याबद्दल बोलताना आपण हे विसरलो, तर आपल्यासारखे करंटे आपणच.

कायदा आपल्या बाजूने आहे का, असंही काहींनी विचारलं. बंगळूरमध्ये बागेसाठी राखून ठेवलेली जागा खाजगी रुग्णालयाला दिली गेली होती. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मोडीत काढली आणि बागेसाठी भांडण्याचा हक्क तिथल्या रहिवाशांना आहे, असं सांगितलं. लखनौला अमीनाबादच्या झंडेवाला पार्कखाली महापालिकेने टेंडर न काढता भूमिगत बाजार बांधायला दिला. १९९९ मध्ये तो पाडून पार्क पूर्ववत करण्याचा आदेश झाला. आपल्याकडे नगररचना योजनेत बागेची जमीन सगळ्या प्लॉटवाल्यांच्या जमिनीतून थोडी थोडी कापून तयार होते. म्हणजे बाग कुणी बक्षीस दिलेली नाही, ती सर्वांची ठेव आहे. मात्र ठेव सर्वांची असेल तर ती आपल्या एकट्यांचीही नाही. इथपासून आमचा खरा मुद्दा सुरू होतो.

मंडळाच्या नावाने महापालिकेला जाणाऱ्या निवेदनाचा मसुदा आपण सर्वांनी पाहिला असेल. त्यात सात मुद्दे आहेत. झाडं, पाणी, पूर, आवाज, वाहनं आणि खर्च हे सहा. सातवा एका ओळीचा आहे: 'तलावामुळे बाहेरच्या वस्तीतील लोकांची वर्दळ वाढेल व परिसराचे वातावरण बिघडेल.' खरं सांगायचं तर आम्ही तिघांनीही या मसुद्यावर सह्या केल्या होत्या. सातवी ओळ वाचूनच केल्या. तेव्हा काही खटकलं नाही.

खटकलं ते घरोघर फिरताना. एका घरी मतं लिहून घेत होतो. तिथे भांडी घासणाऱ्या मावशी पदराला हात पुसत दारात आल्या. त्यांचं मत विचारायचं आमच्या यादीत नव्हतं. त्यांनीच विचारलं, "साहेब, तिकीट केवढ्याचं असेल?" आम्ही म्हटलं, अजून काही ठरलेलं नाही. त्या म्हणाल्या, "कमी ठेवा. आमचा भाचा कालव्यात गेला. अकरा वर्षांचा होता." एवढं बोलून त्या आत गेल्या. घरमालकीण गप्प, आम्हीही गप्प. आमच्या कागदावर 'बाजूने' आणि 'विरोधात' असे दोनच रकाने होते. मावशींचं बोलणं कुठल्या रकान्यात लिहावं ते कळेना.

जिना उतरताना ध्यानात आलं की सातव्या ओळीतली 'बाहेरची वस्ती' म्हणजे याच मावशी. त्यांनी आपल्या स्वयंपाकघरात यावं, पण त्यांच्या मुलाने आपल्या बागेत येऊ नये. उरलेले सहा मुद्दे आपण मोठ्याने बोलतो, हा सातवा मात्र बाकावर शेजारी बसून हळू आवाजात. घरोघर जे कानावर आलं त्यावरून सांगतो, पुष्कळ ठिकाणी पहिले सहा मुद्दे या सातव्याला पांघरूण म्हणून घेतले आहेत.

आपण बडोदेकर सयाजीराव महाराजांचं नाव अभिमानाने घेतो. १८७९ मध्ये कमाटीबाग झाली ती प्रजेसाठी. १९१३ मध्ये महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला गेले, आणि १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्याला आले. कचेरी होती अकाउंटंट जनरलची, म्हणजे आमच्यासारखीच हिशोबाची. राहायला खोली कुणी देईना. धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं, ओळखीच्यांनी दारं लावून घेतली. सव्वीस वर्षांचा तो शिकलेला तरुण रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंत कमाटीबागेत बसून राहिला. आज त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. पुढे दहा वर्षांनी, १९२७ मध्ये, त्यांनीच महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. शहरातलं एकही घर त्यांना उघडं नव्हतं, त्या दिवशी बाग उघडी होती. सार्वजनिक बाग कशासाठी असते, याचं उत्तर दुसऱ्या गावी शोधायला नको.

आणि 'बाहेरचे' हा शब्द आपण वापरावा? गायकवाडांच्या मागून आपले पूर्वज पुणे-सातारा-कोकणातून इथे आले. १९४९ मध्ये बडोदा संस्थान विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात राज्य झालं, तेव्हा घरात काय काळजी होती ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपल्याला कुणी बाहेरचे म्हटलं की किती लागतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तेव्हा आमचं म्हणणं चार कलमांत सांगतो.

एक, निवेदनातली सातवी ओळ खोडावी. वगळून गुपचूप पुढे जाऊ नये, या सभेत ठराव करून खोडावी.

दोन, हिरवळीवर आणि झाडांखाली तलाव नको. बंद पडलेलं कारंजं आणि त्यामागचा कुलूप लावलेला हॉल, जिथे आधीच फरशी आहे, तेवढ्या जागेत मावत असेल तर आमची हरकत नाही. मावत नसेल तर वॉर्डातली दुसरी जागा शोधावी, त्यासाठी आपण चारही नगरसेवकांकडे जाऊ.

तीन, बांधण्याआधी चालवण्याचा दहा वर्षांचा खर्च आणि कराराच्या अटी जाहीर कराव्या. नाही दिल्या तर माहिती अधिकारात अर्ज आहेच, तो आम्ही लिहून देतो. जीवरक्षक नसेल त्या दिवशी तलावाला कुलूप, ही अट आधी.

चार, बागेला तिकीट कधीच नको. तलावाला असेल तर सर्वांना एकच. बायकांसाठी वेगळी वेळ असावी, आणि नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळांतल्या मुलांना आठवड्यातून ठरावीक तास फुकट शिकवावं. ज्यांना शिकवणीचा क्लास परवडत नाही, कालव्यात तीच मुलं उतरतात.

यावर मतभेद होतील, व्हावेत. झाडांसाठी, पाण्यासाठी, शांततेसाठी ज्यांचा विरोध आहे त्यांनी तो खुशाल करावा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण विरोध ज्या कारणासाठी आहे तेच कारण कागदावर यावं. बँकेत आम्ही खोट्या नावाने ठेव घेत नाही.

मसुदा समोर टेबलावर आहे. ती ओळ खोडली गेली तर आमच्या तिन्ही सह्या आहेत तिथेच राहतील. नाही खोडली, तर सभा संपल्यावर आम्ही टेबलाजवळ येऊन त्या काढून घेऊ. यात कुणाचा अवमान करायचा हेतू नाही. फक्त ज्या घरी आम्ही मतं लिहून घेतली, तिथे आम्हाला पुन्हा जायचं आहे, आणि दारात त्या मावशी भेटणार आहेत.