पेट्रोलचा काटा खोटं बोलतो तेव्हा

हेडफोन लावलेत? गाडी चालवत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण आजची गोष्ट रस्त्यावरचीच आहे.

मागच्या पावसाळ्यात मी आणि आई पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. गाडी बाबांची, जुनी हॅचबॅक. काटा पाव टाकी दाखवत होता. खंबाटकी घाट चढताना गाडीने दोन आचके दिले आणि बंद. रात्रीचे साडेनऊ, बाजूने ट्रक चाललेले, वर पाऊस. आईला कठड्यापलीकडे उभं केलं, मागे त्रिकोण लावला आणि बाबांना फोन करून ओरडलो, "बाबा, गाडी देताना बघत नाही का तुम्ही?" ते शांतपणे म्हणाले, "कप्प्यातली वही बघितलीस का?"

वहीचं नंतर सांगतो. एका टेम्पोवाल्या दादांनी खालून पेट्रोल आणून दिलं आणि गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे टाकी कोरडी होती आणि काटा तरीही पाववरच!

आता हा काटा चालतो कसा? टाकीत एक तरंगता फ्लोट असतो. त्याची दांडी वरखाली झाली की एक टोक रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतं. या सगळ्या जोडणीला सेंडर म्हणतात. रेझिस्टन्स बदलला की करंट बदलतो आणि काटा हलतो. म्हणजे संशयित चार: फ्यूज आणि मीटर, वायर, अर्थिंग आणि सेंडर.

मी असं शोधलं. आधी बाकीचं मीटर बघितलं. टेंपरेचरचा काटा नीट होता, म्हणजे फ्यूज शाबूत. मग मागची सीट उचलली, खाली पंपाचं झाकण आणि सॉकेट दिसलं. सॉकेट काढून इग्निशन चालू केलं, तर काटा टोकाला जाऊन बसला. म्हणजे मीटर आणि वायर जिवंत आहेत. अर्थची वायर आणि बॉडी यांच्यात मल्टिमीटरने मोजलं, जवळजवळ शून्य. तेही ठीक. तिथे गंज असता तर रीडिंग वेडंवाकडं आलं असतं आणि नुसत्या पॉलिश पेपरने काम झालं असतं.

शेवटी सेंडरच्या दोन पिनांवर रेझिस्टन्स मोजला, ५ लिटर पेट्रोल टाकलं, पुन्हा मोजला. आकडा तोच! चोर टाकीतच होता.

इथे मी थांबलो, तुम्हीही थांबा. टाकी घरी उघडायची नाही. पेट्रोलची वाफ डोळ्याला दिसत नाही आणि एक ठिणगी पुरते. गॅरेजवाल्या काकांनी मोकळ्या जागेत, बॅटरीची निगेटिव्ह काढून सेंडर बाहेर घेतला. दांडीचा सांधा झिजून पावच्या जागी अडकत होता. काका म्हणाले, "फ्लोटला भोक पडून तो बुडाला असता ना, तर काटा कायम रिकामं दाखवतो. ते खोटं परवडतं. हे असलं नाही परवडत." नवा सेंडर आणि झाकणाची नवी रबर सील बसवली. बाहेर पडल्यावर पंपावर ५-५ लिटर टाकत काटा कुठे जातो ते लिहून घेतलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. चढावर किंवा उतारावर उभ्या गाडीचा काटा चुकतोच, तो बिघाड नाही. आणि बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पंप टाकीतच असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. त्यामुळे टाकी तळाला नेण्याची सवय पंपाच्या जिवावर येते. नव्या गाडीत काटा कॉम्प्युटर चालवतो, तिथे वायरींशी खेळू नका, स्कॅनर लावून घ्या.

आणि ती वही? प्रत्येक वेळी टाकी भरल्यावर बाबा किलोमीटर आणि लिटर लिहायचे. शेवटच्या नोंदीपासून हिशेब केला असता, तर टाकी संपत आलीय हे घाट लागायच्या आधीच कळलं असतं. मी म्हटलं, "काटा बिघडलाय हे सांगायचं तरी." ते म्हणाले, "तुला वाटलं असतं, म्हातारा आता खर्च काढतोय."

दुसऱ्या दिवशी माफी मागितली. सेंडर नवा आहे, काटा खरं बोलतो. तरी टाकी भरली की ट्रिपमीटर शून्यावर आणतो, आणि वहीत आता माझं अक्षर आहे.

आज तुमच्या गाडीचा ट्रिपमीटर शून्यावर आणा. भेटू पुढच्या भागात!