घरचा संगणक आणि अनोळखी नावे

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संगणकावर बोलण्यासाठी मला येथे उभे केले आहे खरे. पण मी काही या शास्त्राचा पंडित नव्हे. मी कल्याणला राहतो, ठाण्याच्या एका कचेरीत हिशेबाचे काम करतो. घरात एकच लॅपटॉप आहे. त्यावर मुलगा बारावीचा अभ्यास करतो, मुलगी शाळेचे प्रकल्प करते आणि रात्री मी वीजबिल भरतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हीच स्थिती असेल. या लॅपटॉपपायी माझ्या हातून एक चूक घडली. तीच सांगून मी विषयाला हात घालतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. त्यानंतर अनेकांप्रमाणे मीही विंडोज ११ घेतले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ लागला की चहा पिऊन झाला तरी पडदा जागचा हलेना. मनात शंका आली. एका परिचिताने सांगितल्याप्रमाणे मी खात्यांची यादी काढली. त्यात माझ्या नावाशेजारी चार अनोळखी नावे! मी मुलाला हाक मारली आणि सगळ्यांसमोर विचारले, "ही कुणाची खाती? कुणाला आणून बसवलंस घरात?" तो म्हणाला, "अब्बा, मी काहीच केलेलं नाही." माझा विश्वास बसला नाही. आठ दिवस लॅपटॉप कपाटात कुलपाखाली राहिला. परीक्षा तोंडावर असताना मुलाचा अभ्यास बुडाला आणि तो माझ्याशी बोलेनासा झाला.

नंतर कचेरीतील एका जाणत्या सहकाऱ्याने ती नावे पाहिली आणि तो हसू लागला. ती चारही खाती विंडोजची स्वतःचीच होती. मुलगा निर्दोष होता. अज्ञान माझे, शिक्षा त्याला. असे तुमच्या घरी होऊ नये एवढ्यासाठीच हे व्याख्यान.

आता ही खाती म्हणजे काय ते पाहू. आपल्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबांची नावे फलकावर असतात. पण पंपाची खोली, मीटरची खोली आणि गच्ची यांच्याही किल्ल्या असतातच. त्या खोल्यांत कोणी राहत नाही म्हणून त्या चोराच्या ठरत नाहीत. विंडोजमध्येही तसेच आहे. 'ॲडमिनिस्ट्रेटर', 'गेस्ट' आणि 'डिफॉल्ट अकाउंट' ही नावे त्यात मुळातच असतात. 'डब्ल्यूडीएजी' या अक्षरांनी सुरू होऊन पुढे 'युटिलिटी अकाउंट' असे लांबलचक नाव दिसते, ते २०१७ पासून विंडोज १० मध्ये आले. संशयास्पद पान मूळ संगणकापासून अलग ठेवून उघडता यावे, या संरक्षणाच्या सोयीसाठी ते आणले गेले होते. ही चारही खाती सामान्यतः बंद अवस्थेत असतात. कधी कधी 'डिफॉल्ट युजर झिरो' असे पाचवे नाव दिसते. नवीन विंडोज बसवताना ते तात्पुरते तयार होते आणि क्वचित मागे उरते.

तपासायचे कसे? शोधाच्या चौकटीत इंग्रजीत 'सीएमडी' टाइप करून काळी खिडकी उघडा. तीत 'नेट युजर' हे दोन शब्द इंग्रजीत लिहून एंटर दाबा. यादी येईल. नंतर त्याच दोन शब्दांपुढे शंका असलेले नाव यादीत आहे तसेच लिहा. जी माहिती येईल तीत 'अकाउंट ॲक्टिव्ह' या ओळीसमोर 'नो' असेल तर ते खाते बंद आहे. शेवटचा प्रवेश केव्हा झाला आणि खाते कोणत्या गटात आहे, हेही तेथेच कळते. माझ्या चारही नावांसमोर 'नो' होते. दोन मिनिटांचे काम, पण ते न करता मी आठ दिवस घालवले.

याचा अर्थ प्रत्येक अनोळखी नाव निरुपद्रवी असते असा मात्र नाही. खाते चालू आहे, त्याला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आहेत, ते घरातील कोणी उघडलेले नाही आणि वरच्या नावांपैकीही नाही, तर सावध व्हा. जुना लॅपटॉप विकत घेतला असेल तर आधीच्या मालकाचे किंवा त्याच्या कचेरीचे खाते राहिलेले असू शकते. अशा वेळी आपल्या फायली बाजूला काढून विंडोज नव्याने बसवणे उत्तम. "तुमच्या संगणकात बिघाड आहे" असा फोन आला आणि दूरवरून संगणक हाताळण्याचे ॲप कोणी उतरवायला लावले असेल, तर प्रकरण गंभीर समजा. पहिल्याने इंटरनेट तोडा. दुसऱ्या, सुरक्षित यंत्रावरून बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर विलंब न लावता बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर फोन करा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे, हे विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे. मित्राचे खाते 'गंमत म्हणून' उघडणे ही गंमत नव्हे.

आणखी एक प्रकार घाबरवणारा असतो. अपडेटनंतर आपल्याच नावाने आत जावे, तर सगळा पडदा कोरा! फोटो नाहीत, नोट्स नाहीत. अशा वेळी विंडोजने बहुधा 'तात्पुरते प्रोफाइल' उघडलेले असते. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका अपडेटनंतर काही लोकांना हाच अनुभव आला होता. फायली सहसा गेलेल्या नसतात. सी ड्राइव्हमधील 'युजर्स' फोल्डरात त्या सापडतात. मात्र तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये नवे काही लिहून ठेवू नका, बाहेर पडताच ते पुसले जाते. संगणक दोन-तीनदा रीस्टार्ट करून पाहा, आणि तेवढ्याने भागले नाही तर जाणकाराला गाठा.

आता संगणक सावकाश सुरू होण्याविषयी. प्रथम एक पथ्य: मोठ्या अपडेटनंतर एक-दोन दिवस धीर धरा. त्या काळात विंडोज आतल्या आत फायलींची सूची नव्याने करते, विषाणूंची तपासणी करते, राहिलेली कामे उरकते. चार्जर लावून संगणक काही तास चालू ठेवला की हे काम आटोपते. अपडेट चालू असताना मात्र बटण दाबून तो बंद करू नका. डेस्कटॉप असेल तर आपल्या भागात दुरुस्तीसाठी वीज कधी बंद असते ते पाहूनच अपडेटला हात घाला.

दोन दिवसांनीही सुधारणा नसेल तर वेळ कुठे जातो ते घड्याळ लावून पाहा. कंपनीचे चिन्ह दिसण्यापूर्वीच वेळ जात असेल, तर लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क काढा. चिन्हापासून पासवर्डपर्यंत वेळ जात असेल, तर दोष बहुधा डिस्कचा किंवा ड्रायव्हरचा असतो. पासवर्डनंतर वेळ जात असेल, तर आपोआप सुरू होणाऱ्या ॲपची गर्दी झालेली असते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातील 'स्टार्टअप' विभागात ज्यांच्यापुढे 'हाय' लिहिले आहे आणि ज्यांची सकाळी सकाळी गरज नाही, ती ॲप बंद करा. विषाणूरोधक मात्र बंद करू नका.

'शट डाउन' आणि 'रीस्टार्ट' यांतील फरकही ध्यानात घ्या. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन केल्यावर विंडोजचा गाभा झोपी जातो, पुरता बंद होत नाही. रीस्टार्ट केल्यावर तो खऱ्या अर्थाने नव्याने सुरू होतो. म्हणून अपडेटनंतर रीस्टार्ट करावे.

टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो दुसऱ्या कशानेही पडत नाही. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते. पण किमान म्हणजे पुरेशी नव्हे. नवीन विंडोज मानवलेच नाही, तर साधारणपणे १० दिवसांच्या आत 'सेटिंग्ज' मधील 'रिकव्हरी'तून मागे फिरता येते. "एका क्लिकमध्ये संगणक वेगवान" अशा जाहिरातींच्या नादी मात्र लागू नका.

पालकहो, शेवटी दोन गोष्टी. घरात संगणक एक असला तरी खाती प्रत्येकाची वेगळी ठेवा. मुलांची खाती साधी असावीत, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड थोरांकडे असावा. मग कोणी काय केले यावरून घरात संशय माजत नाही. अभ्यासाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पडद्यावर काही विपरीत दिसले तर मुलाला आरोपी म्हणून उभे करू नका, शेजारी बसवून म्हणा, "चल बेटा, दोघं मिळून बघू." कदाचित त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असेल. त्या दिवशी मी एवढे म्हटले असते तर आठ दिवस वाचले असते. सहकाऱ्याकडून परतल्यावर मी कपाट उघडले, लॅपटॉप मुलाच्या हाती दिला आणि सांगितले, "चूक माझी होती." तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "अब्बा, ती यादी कशी काढायची ते मलाही दाखवा." त्या रात्री मी त्याला 'नेट युजर' शिकवले. आज तेच तुम्हाला सांगितले. घरी गेल्यावर मुलांना शेजारी घेऊन एकदा अवश्य करून पाहा.