गाडीच्या पोटातले पाणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते माध्यमिक शाळेत सहाय्यक शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षणाचे महत्त्व, स्त्रीशिक्षण, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर विद्वान मंडळी बोलतात. मी आज मोटारगाडीच्या रेडिएटरवर बोलणार आहे. आपण हसलात, हे ठीकच झाले. मी भूगोल आणि मराठी शिकवणारा माणूस. यंत्राशी माझा संबंध तो काय? परंतु हा विषय मला एका विद्यार्थ्याने शिकवला आणि त्याची फी मला बरीच मोठी पडली. ती हकीकत आपणांपुढे ठेवावी, एवढाच हेतू आहे.

चार वर्षांपूर्वी मी एक जुनी व्हॅन विकत घेतली. माझी शाळा पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात आहे. भातकुली, दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या भागांतील मंडळींना हा पट्टा म्हणजे काय ते सांगावयास नको. तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजत नाही, आणि पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो. हे सर्व मी नववीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढून शिकवत होतो. आणि दर आठवड्याला त्याच बोअरचे पाणी माझ्या गाडीच्या रेडिएटरमध्ये ओतत होतो! पुस्तकातला भूगोल आणि अंगणातला भूगोल यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही.

पुढच्या मे महिन्यात अम्मी, पत्नी आणि दोन मुलांना घेऊन मी अकोटला निघालो. वऱ्हाडचे ऊन आपण जाणताच; अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे ही आपल्याकडे बातमी राहिलेली नाही. दर्यापूर मागे पडले आणि गाडीचा काटा लाल रेषेवर गेला. झाकणाखालून वाफ येऊ लागली. आजूबाजूस झाड नाही, अम्मीला रक्तदाबाचा त्रास, मुले रडू लागलेली. मी घाईघाईने रुमाल घेतला आणि रेडिएटरचे टोपण फिरवायला हात घातला.

तेवढ्यात मागून ओरडा आला, "सर, हात लावू नका!"

मोटारसायकलवरून जाणारा एक तरुण थांबला होता. त्याने माझा हात धरून मागे ओढला. मग स्वतःची बाही वर करून दाखवली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. "चौदा वर्षांचा होतो, सर. दुकानात पहिलाच महिना. कोणी सांगितलं नव्हतं."

त्याने मला ओळखले होते. मी त्याला ओळखले नव्हते. तो माझाच विद्यार्थी. नववीत त्याचे वडील अंथरुणाला खिळले, म्हणून तो सकाळी एका रेडिएटरच्या दुकानात काम करून शाळेत उशिरा येई. मी त्याचा वर्गशिक्षक. उशीर का होतो, हे मी एकदाही विचारले नाही. उलट वर्गाबाहेर उभे करून म्हणालो होतो, "गॅरेजात पानेच फिरवायचे असतील, तर शाळेत येतोस कशाला?" मी ते रागात बोललो, त्याने ते खरे मानले. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. मी हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असे लिहून तो विषय संपवला.

त्या दिवशी त्याने अम्मीला आणि मुलांना वाटेवरच्या एका गाडीत बसवून पुढे पाठवले. इंजिन दोन तास निवू दिले, मग टोपण उघडले. आत पाणी नव्हतेच. विटकरी रंगाचा चिखल होता. बोटावर घेऊन तो म्हणाला, "सर, यात बोअरचं पानी टाकत होते ना?"

आता या चिखलाचे शास्त्र पाहू. इंजिनात पेट्रोल जळते तेव्हा निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी जवळजवळ एक तृतीयांश भाग पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. पंप ते पाणी इंजिनाच्या भिंतींतून फिरवतो. ते पुरेसे तापले म्हणजे थर्मोस्टॅट नावाची झडप उघडते, आणि पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाऊन निवते. पाणी कठीण असेल तर तापताच त्यातील क्षार वेगळे होऊन धातूवर बसतात; अगदी आपल्या हंड्यासारखे. हा थर उष्णता अडवतो. खाऱ्या पाण्यातील क्लोराइड धातूला खाते, लोखंडी भागाचा गंज सुटतो, आणि गंज व क्षार मिळून तो चिखल बनतो. गळती थांबावी म्हणून काही मंडळी रेडिएटरमध्ये हळद टाकतात. ती गळती बुजवते तशीच बारीक नळ्याही बुजवते.

कूलंट ही काश्मीरसारख्या थंड मुलखातील वस्तू, आपल्या उन्हाळ्यात तिचे काय काम, असे मीही समजत होतो. ते चुकीचे आहे. कूलंटमधील ग्लायकॉलमुळे पाणी गोठत नाही, तसेच ते लवकर उकळतही नाही. आणि त्यातील इतर द्रव्ये गंजाला आवर घालतात. ही द्रव्ये कालांतराने संपतात, म्हणून रंग चांगला दिसला तरी ठरल्या मुदतीने कूलंट बदलावे लागते. मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. जुन्या प्रकारच्या कूलंटला साधारण दोन वर्षे, नव्या प्रकारच्या काहींना पाच वर्षे. दोन निरनिराळे प्रकार एकत्र करू नयेत.

आणि ते टोपण? विद्यार्थी मित्रहो, इथे आपला नववीचा अभ्यास आहे. चिखलदरा ११०० मीटरहून अधिक उंचावर आहे. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९६ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे टोपण याच्या उलट करते. ते आत दाब राखते, म्हणून साधे पाणीही जवळजवळ ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. गरम असताना टोपण उघडले की दाब एकदम नाहीसा होतो आणि ते पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. त्या चौदा वर्षांच्या मुलाला हे वर्गात कळायला हवे होते. त्या वेळी तो वर्गाबाहेर उभा होता.

पुढील रविवारी त्याने माझ्या अंगणात गाडीचे पोट धुऊन दाखवले. ती रीत सांगतो.

पहिली गोष्ट, इंजिन पूर्ण थंड हवे; रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. विजेचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. खाली रुंद टब ठेवून रेडिएटरच्या तळाची तोटी उघडावी. तोटी नसेल तर खालच्या रबरी नळीची क्लिप सैल करावी. निघालेले पाणी मोजावे. मग तोटी बंद करून स्वच्छ गोडे पाणी भरावे, तार जोडावी, टोपण लावावे. हीटर असल्यास त्याचा खटका गरमकडे करावा, नाहीतर तिथले पाणी जुनेच राहते. वरची नळी बाहेरून चांगली तापेपर्यंत, म्हणजे थर्मोस्टॅट उघडेपर्यंत, इंजिन चालवावे. मग बंद करून पुन्हा पूर्ण निवू द्यावे आणि पाणी काढावे. पाणी नितळ येईपर्यंत असे तीन-चार वेळा करावे. माझ्या गाडीला सहा वेळा लागले, आणि दोन रविवार. तापलेल्या इंजिनात थंड पाणी कधीही ओतू नये. हेडला तडा जातो. कॉस्टिक सोडा किंवा तेजाब वापरू नये. अॅल्युमिनियम त्याने खाल्ले जाते. पाणी कॉफीसारखे, तेलकट दिसले तर हेडची गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. ते काम मेकॅनिकचे. आणि नळ्या पूर्ण बुजल्या असतील तर धुण्याने भागत नाही.

शेवटची धुणी डिस्टिल्ड वॉटरची, आणि मग हिशेब. समजा गाडीत एकूण ४ लिटर मावते, पण तोटीतून निघाले अडीच लिटरच. म्हणजे दीड लिटर पाणी इंजिनातच राहिले. आता अर्धे पाणी आणि अर्धे कूलंट असलेले तयार मिश्रण अडीच लिटर ओतले, तर कूलंटचा अंश सव्वा लिटरच होतो. चार लिटरांत तो ३१ टक्के. आपल्याला हवा होता ५० टक्के. म्हणून निव्वळ कूलंट २ लिटर घालावे आणि उरलेले अर्धा लिटर डिस्टिल्ड वॉटर. हा हिशेब मी कागदावर मांडत होतो, तोवर त्याने तोंडी सांगितला. याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मी 'गणितात कच्चा' असा शेरा लिहिला होता.

भरताना सावकाश भरावे आणि वरची नळी दाबत राहावे, म्हणजे आत अडकलेली हवा निघते. टोपण लावून इंजिन चालवावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना पातळी पुन्हा पाहावी.

माता-भगिनींनी आता विशेष लक्ष द्यावे. काढलेले कूलंट गोड असते, आणि ते विष आहे. मोठ्या माणसालाही सुमारे १०० मिलिलिटर जीवघेणे ठरू शकते. लहान मुलाला त्याहून कितीतरी कमी. शरीरात त्याचे आम्ल बनते आणि मूत्रपिंडे निकामी होतात. सुरुवातीला माणूस नुसता झिंगल्यासारखा दिसतो, म्हणून घरचे गाफील राहतात. पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी थांबू नये, तडक मोठे रुग्णालय गाठावे; यावर औषध आहे, पण ते वेळेत मिळाले पाहिजे. ते पाणी नालीत, विहिरीजवळ किंवा गायी-कुत्री फिरतात अशा जागी ओतू नये. शरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात, वर 'विष' असे मराठीत आणि उर्दूत लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे आणि जुने तेल गोळा करणाऱ्या सर्व्हिस स्टेशनात द्यावे.

माझी हकीकत थोडी उरली आहे. काम झाल्यावर मी त्याला पैसे देऊ लागलो. त्याने घेतले नाहीत. तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो गडबडून गेला, म्हणाला, "सर, जाऊ द्या, तेव्हा घरी पैसेच नव्हते." पण मला माहीत आहे, पैसे नव्हते तरी तो येत होता. त्याचे येणे माझ्या शब्दाने थांबले.

त्यानंतर दुकान बंद झाल्यावर तो माझ्याकडे येऊ लागला. सतरा नंबरचा अर्ज भरून, बाहेरून बसून, तो गेल्या वर्षी दहावी उत्तीर्ण झाला. आता आय.टी.आय.मध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम करतो आहे. तो आज या सभागृहात आहे. त्याचे नाव घेऊ नये, असे त्याने मला बजावले आहे.

पालकांना माझी विनंती आहे. अमरावती-अकोल्यात आपल्यापैकी कित्येक घरांची चूल गॅरेज, वेल्डिंग आणि ड्रायव्हिंग यांवर पेटते. त्यात कमीपणा काहीच नाही. पण मुलाला पाना लवकर द्यावयाचा म्हणून त्याच्या हातून पुस्तक काढून घेऊ नका. ज्या हाताला दाबाचा धडा ठाऊक आहे, तो हात भाजत नाही. घरात अडचण असेल तर शाळेत येऊन सांगा. सायंकाळचा वर्ग, बाहेरून परीक्षा, आय.टी.आय., वाटा पुष्कळ आहेत.

आणि माझ्या शिक्षक बांधवांना, म्हणजे आधी स्वतःला, एवढेच सांगतो की मूल उशिरा आले तर हजेरीपट उघडण्यापूर्वी त्याला कारण विचारावे.