गोडाची ओढ आणि पोटाची भूक



माढा तालुक्यात ज्याचे शेत भिजते, त्याच्या संसाराची गाठ कुठेतरी उसाशी बांधलेली असते, हे तुम्हांला निराळे सांगायला नको. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. भीमेचे पाणी कालव्यांनी फिरले आणि जिथे ज्वारीची ताटे उभी राहत, तिथे ऊस डोलू लागला. पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे सहकारी साखर कारखाना तर तालुक्यातच आहे. मुलांची फी, मुलीचे लग्न, विहिरीवरची मोटार, पुष्कळ काही या गोडातूनच निघते. तेव्हा आज साखरेविषयी बोलायचे म्हटल्यावर कोणी दचकू नये. ऊस लावू नका असे सांगण्याचा आजचा विचार नाही. कांदा पिकवणारा काही दिवसभर कांदा खात बसत नाही. साखर पिकवणाऱ्यानेही साखर मोजून खावी, एवढेच म्हणणे आहे.

पण मोजून खावी हे म्हणायला सोपे. हात थांबत नाही, त्याचे काय करावे? आजचा खरा विषय तोच आहे.

आपल्याकडे गोडाला मोठा मान. लग्न ठरले, की होतो तो साखरपुडा. मुलगा पास झाला, की पेढे. पाहुणा उंबऱ्यात आला, की चहा. आणि त्यात साखर कमी पडली, तर माणूस चिक्कू ठरतो. ही चाल पडली ती साखर दुर्मिळ होती त्या काळी. सणावारी पुरण, एरवी फार तर भाकरीबरोबर गुळाचा खडा. वर्षातून मोजके दिवस तोंड गोड व्हायचे, म्हणून त्या दिवसांची गोडी. पुढे काळ पालटला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० साली सुरू झाला, त्यामागून महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले. साखर घरोघर पोहोचली. सणाची वस्तू रोजची झाली, पण मान देण्याची रीत मात्र सणाचीच राहिली.

आता थोडा हिशेब करू. शाळेतल्या गुरुजींनी हा फळ्यावर मांडायला हरकत नाही. एक लहान चमचा साखर म्हणजे अंदाजे पाच ग्रॅम. अर्ध्या कपाला दीड चमचा धरा. घरी दोनदा, शेतात एकदा, बाजारच्या टपरीवर दोनदा आणि पाहुण्याबरोबर एकदा, असा सहा वेळा चहा झाला, तर नऊ चमचे, म्हणजे पंचेचाळीस ग्रॅम साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली जी मर्यादा सांगितली, ती मध्यम आहाराच्या प्रौढ माणसाला दिवसाकाठी पन्नास ग्रॅम, आणि पंचवीसवर आणता आली तर अधिक बरे, अशी आहे. बिस्कीट, खारी, जिलबी, थंड पेय यांचा हिशेब तर अजून धरलेलाच नाही. आणि गूळ यातून सुटला, असे कोणी समजू नये. गुळात थोडेफार क्षार असतात हे खरे, पण त्यातला बराचसा भाग साखरच असते.

कोणी म्हणेल, आम्ही कष्टाची माणसे, आमचे जिरते. पूर्वी पुष्कळसे जिरतही होते. पण २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातल्या मधुमेह्यांची संख्या दहा कोटींच्या वर निघाली, आणि खेड्यांतसुद्धा शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जणांना हा विकार दिसला. दिसायला बारीक आहोत म्हणूनही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळे यांचा अभ्यास केला. आपली बाळे इंग्लंडातल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने अंगात चरबी अधिक, असे त्यांना आढळले. वरून सडपातळ, आतून चरबी, असा हा आपला बांधा. त्याला साखरेचा मारा लवकर बाधतो.

बरे, हे सारे कळले तरी हात डब्याकडे का जातो? त्याची कारणे शरीरात आहेत, तशी मनातही आहेत. नुसते गोड खाल्ले, की रक्तातली साखर झटकन वर चढते. मग स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि ती खाली येते. पुष्कळांच्या बाबतीत ती थोड्या वेळात इतकी उतरते, की पुन्हा भूक लागल्यासारखे वाटते. शिवाय गोड लागताच मेंदूला बक्षीस मिळाल्यासारखे होते, आणि ते बक्षीस कुठे, केव्हा मिळाले याची तो पक्की आठवण ठेवतो. चार वाजले, की चहाबरोबर खारी आठवते. भांडण झाले, की लाडवाचा डबा आठवतो. त्यात जागरण झाले असेल, तर ओढ आणखी वाढते. उसाला रात्रीची वीज आली म्हणून जागणाऱ्यांना याचा अनुभव असेल.

आता याच्या पुढची पायरी सांगतो. ती नाजूक आहे, आणि घरात सहसा तिच्याविषयी कोणी बोलत नाही.

एखादी बाई पहाटे पाचला उठते. चहा घेते. सगळ्यांचे डबे, धुणे, गुरे, रानातली खुरपणी. मधे आणखी एक चहा. साऱ्यांची जेवणे झाल्यावर दोन वाजता उरलेसुरले खाते, तेही उभ्या उभ्या. रात्री घर निजले, की स्वयंपाकघरात जाते आणि डबा काढते. एक लाडू, दुसरा, मग शेव, मग काल उरलेली पोळी. पोट तडस लागेपर्यंत खाते. चव कळत नाही, थांबताही येत नाही. मग डबा झाकून अंधारात रडते. दुसऱ्या दिवशी मनाशी ठरवते, की आज काही म्हणता काही खायचे नाही. दिवस जातो, आणि रात्री पुन्हा तेच.

हे चित्र एकाच घरचे नाही, आणि एकट्या बायकांचेही नाही. शाळेतली मुलगी, ट्रकवरचा ड्रायव्हर, लपवून पेढे खाणारे मधुमेही आजोबा, कोणीही या फेऱ्यात सापडते. याला हावरटपणा म्हणू नये. अमेरिकेतले डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली अशा खाण्याचे वर्णन केले, आणि २०१३ साली तिथल्या मानसरोगतज्ज्ञांच्या ग्रंथात त्याला स्वतंत्र विकार म्हणून जागा मिळाली. थोड्या वेळात भरमसाट खाणे, ते आवरता न येणे, एकट्याने लपून खाणे, नंतर स्वतःची किळस वाटणे, आणि हे आठवड्यातून एकदा तरी असे तीन महिने चालणे, या त्याच्या खुणा आहेत. सणाला दोन पोळ्या जास्त गेल्या, तर तो विकार नव्हे बरे का! तो सण.

या फेऱ्याचे मर्म आपल्या जुन्या माणसांनी एका म्हणीत सांगून ठेवले आहे. पंढरपूर आपल्या शेजारच्याच तालुक्यात, तेव्हा ही म्हण तुम्हांला पाठ असणार: एकादशी आणि दुप्पट खाशी. आपण ती हसण्यावारी नेतो, पण तिच्यात शरीराचा नियम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ साली, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवले. ती माणसे अन्नाचीच स्वप्ने पाहू लागली. आणि पुढे पोटभर मिळू लागले, तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे खाणे आवरेना. पोट भरले तरी भूक शमेना. चांगली, निश्चयी माणसे ती. उपासमारीने त्यांची ही गत केली. तेव्हा रात्री डब्याशी हरणाऱ्या बाईचे मन दुबळे आहे, असे म्हणण्याआधी ती दिवसभर किती उपाशी होती, हे विचारावे.

म्हणून पहिला उपाय ऐकून तुम्हांला नवल वाटेल. तो म्हणजे वेळेवर पोटभर जेवणे. सकाळी उठल्यावर तास-दोन तासांत काहीतरी खरे अन्न पोटात जावे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ किंवा पिठले, शेंगदाण्याची चटणी, ताक, एखादा कांदा, एवढे सोलापूरच्या कोणत्याही घरात असते. डाळी-कडधान्ये आणि शेंगदाणे यांनी पोट धरून राहते. दोन खाण्यांमध्ये चार तासांहून फार जास्त अंतर पडू देऊ नये. आणि घरातल्या मंडळींनो, मागाहून जेवण्याची बाईची रीत आता मोडा. सगळ्यांनी एका पंगतीला बसा. हे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही.

दुसरा उपाय चहाचा. एकदम बिनसाखरेचा चहा घेऊ नका; चार दिवसांत सोडाल. दर पंधरवड्याला कपामागे पाव चमचा कमी करा. जिभेला सवय लागायला थोडे आठवडे लागतात, मग पूर्वीचा चहा तिला आपोआप अतिगोड लागतो. पाहुण्याला साखर वेगळ्या वाटीत द्या. मानही राहतो आणि मापही राहते.

तिसरा उपाय, ओढ आली की स्वतःला एक प्रश्न विचारा. या क्षणी ठेचा-भाकरी समोर आली, तर खाईन का? खाईन असे उत्तर आले, तर ती भूक आहे, जेवून घ्या. नको, पेढाच हवा, असे आले, तर ती ओढ आहे. ओढ लाटेसारखी असते. चढते, आणि बहुधा पंधरा-वीस मिनिटांत उतरते. तेवढा वेळ गुरांना पाणी दाखवून या, शेजारणीशी बोला, अंगणात फेऱ्या मारा. गोडाचा मोठा डबा घरात भरून ठेवू नका. हवे त्या दिवशी हवे तेवढेच आणा, आणि सगळ्यांदेखत बसून चवीने खा. कायमची बंदी घातली, की ओढ अधिकच वाढते.

चौथा उपाय, आणि हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एखाद्या रात्री तोल गेलाच, तर दुसऱ्या दिवशी उपास करून शिक्षा घेऊ नका. सकाळची भाकरी सकाळीच खा. दंड म्हणून केलेला उपास रात्रीच्या डब्याचे कुलूप पुन्हा उघडतो. एक साधी वही ठेवा. किती वाजता, काय खाल्ले, मनात त्या वेळी काय होते, एवढेच लिहा. महिन्याभरात आपली आपल्यालाच वाट दिसेल.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. वर्गात सर्वांदेखत मुलांची वजने मोठ्याने वाचू नका. जाड्या-बारक्या अशी नावे पडू देऊ नका. त्या एका शब्दापायी मुली जेवण टाकतात, आणि फेरा तिथून सुरू होतो. शाबासकी म्हणून चॉकलेट देण्यापेक्षा गोष्टीचे पुस्तक वाचायला द्या. आणि एक गणित घाला. मुलांना खाऊची रिकामी वेष्टने आणायला सांगा. वेष्टनावर साखर किती ग्रॅम ते छापलेले असते. त्याला पाचाने भागले, की चमचे निघतात. कोलासारख्या पेयात शंभर मिलीलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. अडीचशेच्या बाटलीत पाच चमचे भरतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना असे साखरेचे फलक लावायला सांगितले आहे. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तो फलक मुलांनीच खडूने काढला, तर अधिक चांगले.

शेवटी काही सावधगिरीच्या गोष्टी. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने उपास किंवा आहारातला मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. अशा माणसाला दरदरून घाम सुटला, हातपाय कापू लागले, बोलणे अडखळू लागले, तर शुद्धीवर असताना त्याला ताबडतोब साखरपाणी द्या. त्या घडीला साखर हेच औषध. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा. खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढण्याची सवय कोणाला लागली असेल, किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर लपवू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, किंवा १४४१६ हा क्रमांक फिरवा. टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा २०२२ पासून चालू आहे, तिथे मनाच्या त्रासावर फुकट सल्ला मिळतो.

श्रोतेहो, घरात कोणी चोरून खाताना दिसले, तर 'किती खातेस गं' असे म्हणू नका. तो शब्द ऐकला, की ते माणूस आणखी अंधारात जाऊन खाते. त्याऐवजी विचारा, 'आज दुपारी जेवलीस का?' आणि ती नाही म्हणाली, तर ताट वाढून तिच्याबरोबर बसा.