घर दाखवताना
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संस्थेच्या पंचविशीला घर विकण्याविषयी बोलणे काहींना अशुभ वाटेल. पण मुलं पुण्या-बंगलोरला आणि आपण इथे जिना मोजत, अशी अनेक घरांची गत आहे. विषय आज ना उद्या प्रत्येक दारी येणार. माझ्या दारी तो आलाच आहे. दिवाळीनंतर आम्ही दोघे मुलाकडे जाणार, म्हणून फ्लॅट विकायला काढला.

बँकेत असताना गृहकर्जासाठी पुष्कळ घरे पाहिली, पण ती दुसऱ्यांची. पहिल्या रविवारी पाहायला आलेल्या बाई म्हणाल्या, "काकाजी, खोल्या लहानच आहेत नं!" खोल्या लहान नव्हत्या हो. दिवाणाखाली, माळ्यावर, बाल्कनीत आम्ही पंचवीस वर्षांचा संसार कोंबला होता. बंद पडलेले कूलरच दोन!

त्याच आठवड्यात पाहुण्यांना घेऊन सेवाग्रामला गेलो. बापू कुटी अनेकदा पाहिली, पण घर म्हणून त्या दिवशी पाहिली. मातीच्या भिंती, मोजकेच सामान, तरी जागा कमी वाटत नाही. घरी येऊन भंगारवाल्याला बोलावले. सौभाग्यवतींनी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माळा रिकामा केला. मग गळके नळ, सैल कड्या, गेलेले दिवे दुरुस्त केले. खर्च थोडा, फरक मोठा.

खरी परीक्षा पुढे होती. न्हाणीघराच्या पाइपातून बेडरूमच्या भिंतीला ओल येते. रंगारी म्हणाला, "काकाजी, पुट्टीचे दोन हात मारतो. सहा महिने कोणाले काही दिसत नाही." खोटं कशाला सांगू, मी 'हो' म्हणणार होतो. रात्री झोप लागेना. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 55 सांगते की, आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा महत्त्वाचा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. कायदा बाजूला ठेवा. मी पुण्याला जाईन, पण ओल उमटली की तो नवा सभासद तुमच्याकडेच येईल. "कसा माणूस होता हो तो?" असे विचारील. तुम्ही काय उत्तर द्याल?

पुढच्या गिऱ्हाइकाला भिंत दाखवली. ते परत आले नाहीत. त्यानंतरच्यांनी पाइप बदलण्याचा खर्च किमतीतून वळता करून घेतला आणि इसार दिला.

आता कागदांचे. घर झाडतो तसे कागदही झाडून ठेवा. नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराची पावती, कर्ज फिटल्याचे पत्र, संस्थेची बाकी नसल्याचा दाखला, सगळे एका फाइलीत हवे. शेअर सर्टिफिकेटवर दिवंगत माणसाचे नाव असेल तर आजच हालचाल करा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे; तो वारसांच्या वतीने विश्वस्त असतो. वारसांच्या सह्या जुळेपर्यंत चांगले गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून नॉमिनेशन भराच, पण मृत्युपत्रही करा.

आणखी एक. येणारा माणूस आपल्या दारापर्यंत पोहोचण्याआधी फाटक, जिना, पार्किंग पाहतो. आमचा इसार झाला, त्या दिवशी पाहुण्यांना आमचा मजला सापडेना. खालच्या वहिनी त्यांना वर घेऊन आल्या, वरून चहाही पाठवला. नंतर ते गृहस्थ म्हणाले, "काकाजी, भिंतीचं आम्ही पाहून घेऊ. शेजार चांगला दिसतो." घर एकजण विकतो, पण दाखवते सगळी संस्था.

रजिस्ट्री झाली की आमचे नाव पाटीवरून जाईल. नवे कुटुंब आले की त्यांना नळ किती वाजता येतो, ते आधी सांगा. पंचवीस वर्षांपूर्वी आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी आंघोळीविना ऑफिसला गेलो होतो.