शेवटचे कडवे

गाणे आवडले म्हणजे आपण त्याचा आरंभ गुणगुणतो. पहिली ओळ सर्वांना पाठ असते, दुसरी निम्म्यांना येते, आणि शेवटचे कडवे विचारले की माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. वर्गात मी हा प्रयोग अनेकदा केला आहे. एखाद्या अभंगाचे पहिले चरण सांगितले तर सारा वर्ग पुढचे म्हणतो, पण "शेवट काय हो?" असे विचारले की शांतता पसरते. म्हणून आज गाण्यांच्या शेवटाविषयी आपल्याशी चार गोष्टी बोलाव्या असे मनात आहे. मला स्वतःला जी गाणी आयुष्यभर पुरली, ती त्यांच्या शेवटामुळेच पुरली. गाणे थांबते आणि मग मनात चालू राहते. ते कसे, हे पाहू.

आपल्या गावच्या भजनापासूनच आरंभ करू. अभंगाच्या अखेरच्या चरणात संताचे नाव येते. तुकोबा येतात, नामदेव येतात, जनाबाई येते, चोखोबा येतात. याला आपण नाममुद्रा म्हणतो. वहीत वाचताना ती सहीसारखी वाटते. पण क्षणभर चोखोबांचा विचार करा. ज्या माणसाला देवळाचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्याचे नाव त्याच्या अभंगाच्या शेवटी उभे आहे, आणि तो अभंग ज्याला म्हणायचा आहे त्याला ते नाव उच्चारल्यावाचून गाणे पुरे करता येत नाही. जनाबाई घरकाम करणारी बाई. तिचे नाव कुठल्या दानपत्रात कोण घालणार होते? पण अभंगाच्या अखेरीस ते बसले आणि शतकानुशतके टिकले. तेव्हा शेवटचा चरण ही सही तर आहेच. शिवाय ज्यांना दुसरीकडे कुठे जागा नव्हती, त्यांनी धरलेली ती हक्काची जागा आहे.

आता शिक्षकांसाठी एक बारीक गोष्ट सांगतो. पुस्तकात अभंग नाममुद्रेवर संपतो. भजनात तो तेथे संपत नाही. टाळकरी पुन्हा धृपद धरतात. म्हणजे वाचणाऱ्याचा शेवट वेगळा आणि गाणाऱ्याचा शेवट वेगळा. धृपदाची ओळ तीच, अक्षरे तीच, चालही तीच. परंतु मधली कडवी ऐकून आपण बदललेलो असतो, म्हणून तीच ओळ आता निराळे बोलू लागते. सासरी वर्ष काढून मुलगी माहेरी येते तेव्हा दार तेच असते, ओटा तोच असतो, पण तिला ते घर पहिल्यासारखे दिसत नाही ना? तसेच हे. वर्गात अभंग शिकवताना शेवटी एकदा तरी धृपदावर परत या. अर्थ सांगण्याचे निम्मे काम आपोआप होईल.

नाव शेवटी गुंफण्याची ही रीत शाहिरांनीही उचलली. आमच्या अकोल्याला लागूनच संगमनेर आहे. तेथले अनंत फंदी, मूळ आडनाव घोलप, जन्म १७४४चा आणि मृत्यू १८१९चा. लावण्या, पोवाडे, फटके अशी त्यांची रचना. सवाई माधवरावांच्या मृत्यूवर त्यांनी 'माधवनिधन' हे काव्यही केले. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि फंदींनी डफ टाकून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, डफ असो वा वीणा असो, कवनाच्या अखेरीस आपले नाव ओवण्याची चाल दोन्हीकडे सारखीच होती. ऐकणाऱ्या गर्दीला कवन कोणाचे ते कळावे, आणि दुसऱ्या कोणी ते आपले म्हणून खपवू नये, हा त्यातला व्यवहार.

हा व्यवहार यंत्रालाही सुटला नाही, बरं का. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे ध्वनिमुद्रिकेसाठी घेतले. त्या काळच्या तबकडीत गाण्याला जेमतेम तीन मिनिटे मिळत. गाणे संपता संपता गौहरजान यांनी इंग्रजीतून, ठणकावून, आपले नाव सांगितले. कारण तबकड्या तयार व्हायच्या दूर जर्मनीत, आणि तेथल्या कारागिरांना हे गाणे कोणाचे ते कळायला हवे होते. पंढरपूरच्या वाळवंटात जे घडले तेच कलकत्त्याच्या एका खोलीत घडले. गाणारा म्हणतो: मी आता थांबतो आहे, पण हे माझे होते, हे ध्यानात असू द्या.

आता आपल्या नदीकडे वळू. प्रवरा उगम पावते ती आपल्या तालुक्यात, रतनगडाच्या परिसरात. भंडारदऱ्याच्या धरणात थांबते, राजुरावरून अकोल्याला अगस्तींच्या आश्रमाजवळून वाहते, संगमनेर ओलांडते आणि नेवासे तालुक्यात गोदावरीला मिळते. याच नदीच्या काठी, नेवाशाला, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगून पुरी झाली. सुमारे नऊ हजार ओव्या. आणि त्यांच्या शेवटाशी पसायदानाच्या नऊ. मराठीतला याहून मोठा शेवट मला ठाऊक नाही.

का मोठा? एवढे प्रचंड काम झाल्यावर माणूस स्वतःसाठी काही मागेल, अशी आपली अपेक्षा असते. येथे मागणे जगासाठी आहे. दुष्टांचा नाश करा असे मागितलेले नाही. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि त्यांनाही चांगल्याची गोडी लागावी, असे मागितले आहे. आणि शेवट कशावर? मागणाऱ्याला होकार मिळतो, आणि तो सुखी होतो. म्हणजे मागणे अर्धवट हवेत लोंबकळत राहत नाही. उत्तर गाण्याच्या आतच मिळते. आपल्या कित्येक शाळांत मुले पसायदान रोज म्हणतात. पण घंटेची घाई असते, आणि नेमका तो होकार घाईत उरकला जातो. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटच्या ओवीला थोडा दम धरा. दप्तरे उचलण्याची खडखड एक क्षण थांबवा. मुलांना कळू द्या की काहीतरी पुरे झाले.

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीतही शेवटाचा मान राखलेला आहे. मैफल भैरवीने संपते. भैरवी मूळची सकाळची. जुन्या मैफली रात्रभर चालत, उजाडताना भैरवी होई आणि माणसे उठत. पुढे मैफली रात्री दहालाच संपू लागल्या, तरी भैरवीचे स्थान हलले नाही. रिषभ, गंधार, धैवत, निषाद हे चारही स्वर कोमल. त्यामुळे निरोपाची कातरता तिच्या अंगातच आहे. भैरवी झाली की त्यावर दुसरे काही गायचे नाही, असा संकेत.

पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव आपण रेडिओवर ऐकला असेल. सवाई गंधर्व १९५२ साली वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ शिष्यांनी, भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने, हा उत्सव चालवला. तेथे एक प्रघात पडला. मोठमोठे कलावंत गाऊन झाले की शेवटी सवाई गंधर्वांचीच जुनी ध्वनिमुद्रिका लावायची, भैरवीतली ठुमरी. मंचावर गाणारे कोणी नसते. तबकडीची खरखर आणि त्यातून येणारा गेलेल्या गुरूचा आवाज. तीन मिनिटांत तो संपतो, आणि हजारो माणसे निमूट घराकडे वळतात. ज्याच्यासाठी जमलो, त्याचाच शब्द अखेरचा.

हे सारे झाले लिहिलेल्या, छापलेल्या, मुद्रित केलेल्या गाण्यांचे. पण श्रोतेहो, आपल्या घरांतली बहुतेक गाणी कागदावर नव्हती, आणि त्यांचा शेवट कवी ठरवीत नसे. काम ठरवीत असे. शेतात कापणीची भलरी चालू असते. पात संपली की भलरी थांबते. अंगाई बाळाला झोप लागली की थांबते, आणि तीही एकदम नाही. आई आवाज हळूहळू उतरवते, नुसता हुंकार राहतो, मग तोही जातो. ज्याच्यासाठी ती म्हटली, त्याने तिचा शेवट कधीच ऐकलेला नसतो!

जात्यावरच्या ओवीचेही तसेच. येथे मला थोडे घरचे सांगावे लागेल. माझे लहानपण तालुक्याच्या पश्चिमेकडच्या, पावसाच्या गावात गेले. गावात गिरणी होती, पण पावसाळ्यात वीज चार चार दिवस नसे. मग पहाटे जाते घुमे. आई आणि माझी चुलती समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात. मी आईच्या मांडीवर डोके ठेवून पडे. पहिली ओवी देवाची, मग आईबापांची, मग भावांची. हे मला अजून आठवते. पुढचे आठवत नाही, कारण तोवर मी झोपलेला असे. जाग येई तेव्हा जाते थांबलेले, पीठ भरलेले आणि आई चुलीपाशी.

पुढे मी मराठीचा अध्यापक झालो. संतांच्या नाममुद्रेवर व्याख्याने दिली. पण आईला मात्र कधी विचारले नाही, की शेवटी तू काय म्हणायचीस? आज विचारू, दिवाळीत विचारू, असे म्हणता म्हणता आई गेली.

दोन वर्षांपूर्वी चुलतीकडे गेलो आणि म्हणालो, "काकी, आईची शेवटची ओवी सांगता का?" ती म्हणाली, "आरं, नुसतं बसून कशी आठवल? जातं कुठंय?" जाते गोठ्यात होते. वरची तळी तुळशीपाशी पालथी पडली होती. आम्ही ती धुतली, बसवली, खुंटा ठोकला. सुपात नागली घेतली. काकीने पहिला घास घातला, जाते फिरले, आणि जिला बसून एक ओळ आठवत नव्हती तिच्या तोंडून पंधरा-वीस ओव्या ओळीने आल्या. हात थांबला की शब्द थांबत. हात चालला की शब्द चालत.

सूप रिकामे होत आले तेव्हा तिने दळण सरल्याची ओवी म्हटली. पण 'सरले' म्हणून सोडून दिले नाही. सासर-माहेरच्या राशी भरलेल्या राहोत, असे म्हणून ती थांबली, आणि मूठभर नागली सुपात तशीच ठेवली. मी विचारले, "हे का ठेवलं?" म्हणाली, "सूप रितं ठिवू नाही. उद्याच्या दळणाला धरून असावं." मग जरा थांबून म्हणाली, "ही झाली माझी. तुझ्या आईची येगळी होती. तिचं बोल आता ध्यानात न्हाईत. पन ती शेवटाला तुझं नाव घालायची, आन् मंग जातं थांबवायची."

संत शेवटच्या चरणात आपले नाव घालतात. आई माझे घालीत होती. आणि रोज त्याच वेळी मी झोपलेला होतो. ते शब्द आता मला मिळायचे नाहीत.

श्रोतेहो, हे दुःख एकट्या माझे नाही, म्हणून बोललो. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७पासून त्या इंटरनेटवर लोकांना ऐकायला मिळू लागल्या. हे फार मोठे काम. परंतु आपल्या घरची ओवी त्यात असेलच असे नाही. आपल्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे मडक्यांत, शेणामातीत जपून ठेवले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे जपता येते, तसे गाणेही जपता येईल. मात्र बी म्हणून ठेवायचे ते पुरते भरलेले कणीस. अर्धे ठेवून भागत नाही.

तेव्हा एवढे करा. घरात, शेजारी, कोणी वृद्ध आई, आजी, चुलती असेल तर तिच्याकडे जा. नुसते "गाणे म्हणा" म्हणू नका. जाते मांडा, पाळणा हलवा, हातात विळा द्या. मोबाइलवर आवाज घ्या; पण दोन ओव्या झाल्या की बटण दाबून बंद करू नका. ती थांबेल तेव्हाच थांबा. शिक्षकांनी मुलांना हा गृहपाठ द्यावा: बाईचे नाव, गाव, कोणत्या कामाचे गाणे, आणि शेवटी काय म्हणते. तिचे नाव वहीत अखेरीस आठवणीने लिहा. जनाबाईला जी जागा मिळाली, ती आपल्या आज्यांनाही मिळाली पाहिजे.

आणि शेवटी कोणाचे नाव येते, ते नीट कान देऊन ऐका. कदाचित ते तुमचेच असेल. माझी वेळ संपली.