जुन्या जीपचं जड स्टेअरिंग

वाहन परवाना कसा काढायचा यावर आपण मागे बोललो होतो. त्यानंतर गटांच्या बैठकांना गेले की एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर यायला लागला. ‘ताई, लायसन तर काढलं. पण घरात आहे ती जुनी गाडी. स्टेअरिंग इतकं जड की वळणावर अंग टाकून ओढावं लागतं. त्याला पॉवर स्टेअरिंग बसवता येतं का? आणि त्यासाठी गटातून कर्ज काढावं का?’ एका गावात तर सासूबाईंनी परस्पर निकालच देऊन टाकला होता, की बाईच्या हाताला ते झेपायचंच नाही.

जुन्या गाडीला पॉवर स्टेअरिंग बसवता येतं. पण कर्जाचा अर्ज लिहिण्याआधी गाडीला नेमकं काय दुखतंय ते बघावं, आणि ते बघायला पैसे लागत नाहीत. आमच्या पाटण तालुक्यातल्या एका गटाच्या अध्यक्षांनी हे सगळं करून पाहिलंय. त्यांना सगळे आक्काच म्हणतात, मीही आक्काच म्हणते. त्यांना विचारूनच सांगतेय.

आक्कांच्या सासऱ्यांनी १९७४ साली महिंद्राची पेट्रोल जीप घेतली. सासरे गेले, मालक मुंबईला माथाडीत, त्यामुळे जीप धाकट्या दिरांच्या हाती. त्यांच्या गटाचे नाचणीचे पापड, कुळथाचं पीठ आणि हातसडीचा तांदूळ कराडला विकला जातो. टेम्पोवाला एका खेपेचे बाराशे घ्यायचा. दारात गाडी उभी असताना बाराशे का द्यायचे, म्हणून आक्का ड्रायव्हिंग शिकल्या. शिकल्या त्या शिकवणीच्या नव्या गाडीवर, तिचं स्टेअरिंग दोन बोटांनी फिरायचं. मग जीपवर बसल्या. दोन खेपांत उजवा खांदा धरला. तालुक्याच्या मेकॅनिकनं पॉवर स्टेअरिंगचा खर्च सांगितला ३८ हजार. आक्कांनी गटाकडे अंतर्गत कर्ज मागितलं.

बैठकीत अर्थातच दोन बाजू पडल्या. त्यात एक काकू म्हणाल्या, ‘म्हैस दूध देईना तर आपण आधी तिला काय झालंय ते बघतो, लगेच दुसरी आणत नाही.’ मला त्यांचं म्हणणं पटलं. ठरलं असं की आधी तपासणी करायची, मग कर्जाचं बघू.

इथे थोडं मागचं सांगते, कारण बैठकीत ‘ही बायकांची नाजूक सोय’ असा सूर निघाला होता. अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचे इंजिनिअर होते. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात ते मुख्य इंजिनिअर होते. ट्रकचं स्टेअरिंग ओढून ओढून दांडगे गडी थकून जातात हे त्यांनी पाहिलेलं. त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग तयार केलं आणि १९२६ साली गाडीवर बसवून दाखवलं. मोटार कंपन्यांना ते महाग वाटलं. पुढे महायुद्धात चिलखती गाड्यांना ते लागलं, आणि १९५१ साली क्रायसलर कंपनीनं आपल्या इम्पीरियल मोटारीला ते देऊन बाजारात आणलं. म्हणजे बघा, हा शोध लागला तोच मुळी पुरुषांच्या दुखऱ्या खांद्यांसाठी. आक्कांच्या दिरांनाही जीप जडच जायची. फक्त ते बोलत नव्हते.

आता स्टेअरिंग जड का होतं? जात्याचा खुंटा आपण कडेला ठोकतो. मध्याजवळ ठोकला तर दळताना जीव जाईल. जुन्या गाड्यांचं स्टेअरिंग आकारानं मोठं असतं ते याच कारणानं. कडेला धरून फिरवलं की जोर कमी लागतो. म्हणजे कंपनीनं गाडी माणसाच्या हाताला झेपेल अशीच बनवलेली होती. आणि रोजचं जातं एकाएकी जड जायला लागलं, तर आपण मधली खीळ बघतो. हाताला दोष देत नाही.

तपासणी अशी करायची. गाडी सपाट, घट्ट जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगडांची उटी लावा, इंजिन बंद. पुढचा भाग जॅकनं उचलून ॲक्सलखाली भक्कम स्टँड द्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं हवेत राहतील. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी गाडीखाली शिरायचं नाही, हे पोरांनाही बजावून ठेवा. मग स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल, तर दोष बहुधा टायर, हवा किंवा वजनाचा. हवेतही जड असेल, तर आत काहीतरी आवळलंय किंवा सुकलंय.

आक्कांच्या जीपचं स्टेअरिंग हवेतही जड होतं. मग कराडच्या एका वयस्कर मिस्त्रींनी स्टेअरिंग बॉक्सपासून चाकाकडे जाणारा रॉड सोडवला. त्याला ड्रॅग लिंक म्हणतात. तो सोडल्यावर स्टेअरिंग एका हातानं गरगर फिरलं. म्हणजे बॉक्स ठीक होता, दुखणं चाकांकडे होतं. चाक ज्याच्याभोवती वळतं त्या किंग पिनच्या बेअरिंगमध्ये ओढ्याचं पाणी शिरून ग्रीसचा चिखल झाला होता. बेअरिंग गंजून गेलेलं. या जीपला मध्ये बेल क्रँक नावाचा एक तुकडा असतो, ओढ तिथून दोन्ही चाकांना वाटली जाते. तोही झिजला होता. स्टेअरिंग जड आणि वर ढिलंही, असं दुहेरी दुखणं.

बाहेरून आणखी एक गोष्ट होती. पुतण्यानं रुबाबासाठी रुंद टायर बसवले होते. कंपनीचा मूळ टायर ६.००-१६, चांगला अरुंद. टायर रुंद झाला की जमिनीशी घासणारा भाग वाढतो, वळवायला जोर जास्त लागतो. त्यात हवा मोजली तर एका बाजूला १४ पौंड आणि दुसऱ्या बाजूला १८. छपरात जुने अरुंद टायर पडलेले होते, पण रबराला तडे गेले होते, ते मिस्त्रींनी हातातसुद्धा घेतले नाहीत. रुंद टायर विकून चार नवे अरुंद घेतले. बेअरिंग, सील, बेल क्रँकची दुरुस्ती, ग्रीस आणि मजुरी मिळून ६,४०० रुपये झाले, टायरचे वेगळे.

स्टेअरिंग निम्म्यानं हलकं झालं. शिवाय मिस्त्रींनी आक्कांना एक गोष्ट शिकवली. गाडी जागेवर उभी असताना स्टेअरिंग पिळायचं नाही. अगदी मुंगीच्या पावलानं का होईना, गाडी हलती ठेवायची आणि मग वळवायचं. जोर किती कमी लागतो ते करून बघितल्याशिवाय पटणार नाही. गटातल्या आणखी दोघी त्या जीपवर शिकल्या, त्यांचं एवढ्यावर भागलं. तुमच्यापैकीही बऱ्याच जणींचं भागेल असं मला वाटतं.

आक्कांचं मात्र भागलं नाही. खांदा आखडलेला होता, डॉक्टरांनी ओढाताण करू नका म्हणून सांगितलेलं. आणि त्यांच्या वाडीला चढताना दोन अशी वळणं आहेत की भरलेली गाडी जवळजवळ उभी राहूनच वळवावी लागते. म्हणून सुगी झाल्यावर पॉवर स्टेअरिंगचा विषय पुन्हा बैठकीत आला, आणि आता तो कुणाला अनाठायी वाटला नाही.

पॉवर स्टेअरिंगचे मुख्य दोन प्रकार. एक तेलाचा, एक विजेचा. तेलाच्या प्रकारात इंजिनच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. ट्रॅक्टरची ट्रॉली ज्या तत्त्वावर उचलली जाते, तेच इथे. तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की आतली एक बारीक सळई किंचित पिळली जाते, त्यानं तेलाची वाट त्या बाजूला उघडते आणि तेल चाकाला ढकलायला मदत करतं. हात थांबला की वाट बंद. विजेच्या प्रकारात स्टेअरिंगच्या दांड्यावर मोटर बसते. १९८८ साली जपानमध्ये सुझुकीनं हा प्रकार पहिल्यांदा छोट्या मोटारीला दिला. तो बसवायला सुटसुटीत, पण जागेवर वळवताना मोटर ४०-५० अँपिअर करंटसुद्धा ओढू शकते. जुन्या जीपचा डायनामो तेवढा देत नाही. म्हणजे अल्टरनेटर बदला, जाड वायरिंग करा, खर्च वाढला. आक्कांनी तेलाचा प्रकार घेतला. बोलेरोचा जुना पण तपासलेला बॉक्स आणि पंप मिळाला.

इथे मी जरा कडक बोलते. स्टेअरिंगचं काम रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेऊ नका. तो ट्रॉलीचं फाळकं उत्तम जोडेल, पण फाळकं तुटलं तर माल सांडतो, आणि स्टेअरिंग तुटलं तर गाडी दरीत जाते. नवा बॉक्स बसतो तिथे चॅसिसवर सगळा ताण येतो. तिथे आधी चीर नाही ना हे घासून, साफ करून बघायला लावा, आणि जाड पट्टी देऊन पक्कं काम करून घ्या. जुना दांडा कापून कसाबसा सांधला असेल तर ते काम नाकारा. दांड्याला तयार जोड मिळतात. चाकं दोन्ही टोकांना वळवून तेलाची नळी कुठे घासत नाही ना ते स्वतः वाकून बघा. शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या. पट्टा आणि तेलाची पातळी नियमित बघत जा.

दुसरं, आपल्याकडे घाट उतरताना पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय आहे. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत हे कधीच करू नका. एरवीही करू नये, पण इथे तर नाहीच. इंजिन बंद झालं की पंप थांबतो. स्टेअरिंग फिरतं, पण पहिल्यापेक्षाही जड, कारण आता तुम्ही आतलं तेलही ढकलत असता. पट्टा चालत्या गाडीत तुटला तरी असंच होतं. तेव्हा घाबरायचं नाही, दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी हळूहळू बाजूला घ्यायची.

आणि ब्रेक. स्टेअरिंग हलकं झालं की पाय आपोआप जोर धरतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते ब्रेकवर घाला, हे माझं ठाम मत आहे. आक्कांनी दोन्ही एकदम केलं, मिळून ४६ हजार झाले. त्यातले ३० हजार गटाचं कर्ज, बाकी त्यांचे भाताचे पैसे. जीप खासगी नोंदणीची, म्हणून त्यात भाडं घेऊन माणसं किंवा माल नेता येत नाही. गटाचा आपला माल जातो आणि गट पेट्रोल भरतो, तेही वहीत लिहून.

कागदाचं सांगते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणी पुस्तकातली माहिती कंपनीच्या मूळ माहितीपेक्षा वेगळी पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. आक्कांनी कराडच्या कार्यालयात अर्ज देऊन पोच घेतली. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी खासगी गाडीची तपासणी होऊन नोंदणी पुढे चालू होते, ती तारीख चुकवू नका.

आक्कांच्या दिरांना कुणीतरी सुचवलं होतं की गाडी ५० वर्षांची झाली, ‘विंटेज’ करून घ्या. २०२१ साली तसा नियम आलाय. शुल्क २० हजार, नोंदणी १० वर्षांची आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. पण त्यासाठी गाडी मूळ रूपात जपलेली लागते, आणि मग ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. ज्यांना सासऱ्यांची आठवण म्हणून गाडी जपायची आहे त्यांनी तो मार्ग घ्यावा, आणि तिला पॉवर स्टेअरिंगचा हात लावू नये. पापड कराडला न्यायचे असतील तर साधी नोंदणीच बरी.

पॉवर स्टेअरिंग बसवून झाल्यावर पहिला आठवडा मोकळ्या मैदानावर काढा. जड स्टेअरिंगची सवय झालेला हात हलक्या स्टेअरिंगला गरजेपेक्षा जास्त ओढतो आणि गाडी पटकन तिरकी होते. आक्का शाळेच्या मैदानात रोज संध्याकाळी अर्धा तास फिरवायच्या, मागे रिकामी पोती भरून ठेवून.

ज्यांच्या घरी अशी गाडी आहे त्यांनी या आठवड्यात टायरची हवा मोजून घ्यावी, चाकं उचलून स्टेअरिंग फिरवून बघावं, आणि जड कधी लागलं, हवेत की जमिनीवर, ते वहीत लिहून पुढच्या बैठकीला आणावं.